एका खिळ्यावर दोन वर्षं

आमच्या ओटीवर, दाराच्या उजव्या अंगाला एक खिळा आहे. वडिलांनी ठोकलेला. गंजून लाल झालाय, पण हलत नाही. डिसेंबरच्या मध्यावर बाजारातून नवं कालनिर्णय येतं आणि त्या खिळ्यावर जुन्याच्या पाठीमागे जाऊन बसतं. १ तारखेच्या सकाळी मी जुनं उतरवायला हात लावला की आतून, चुलीपाशी बसल्या बसल्या, आईचा आवाज येतो.

“ऱ्हावदे तो. वरीस सपला नाय अजून.”

“मग कधी संपणार?”

“शिमगा होवदे. पाडवा येवदे.”

त्यामुळे दर वर्षी जवळपास तीन महिने आमच्या घरात एका खिळ्यावर दोन वर्षं लटकतात. यातली गंमत मला फार उशिरा कळली. आईच्या वर्षाचा शेवटचा महिना फाल्गुन. तो जुन्या कॅलेंडरात नसतोच, नव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतो. म्हणजे जुनं वर्ष संपलेलं बघायला नवं कॅलेंडर उलगडावं लागतं. मग जुनं ठेवायचं कशाला? तर त्याच्या चौकटींत तिचे हिशेब असतात. दुधाचे खाडे, सिलिंडर, बागेतल्या फवारण्या, कोणाकडे किती नारळ गेले. ते चुकते झाल्याशिवाय पान उतरायचं नाही.

हे दोन्ही काळ एका कागदावर आणून घरोघर पोचवणारा माणूसही आमच्याच किनाऱ्याचा. जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, आणि त्यांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केलं. मोठा आकडा इंग्रजी तारखेचा आणि पोटात बारीक अक्षरात तिथी. माझी नजर आकड्यावर जाते, आईची तिथीवर. चष्मा लावूनही.

डिसेंबर हे नाव मात्र सरळसरळ खोटं बोलतं. लॅटिनमध्ये ‘देकेम्’ म्हणजे दहा. रोमन लोकांचं अगदी जुनं वर्ष मार्चात सुरू व्हायचं आणि त्यात दहाच महिने होते, एकूण ३०४ दिवसांचे. त्यानंतरच्या थंडीला नावच नव्हतं. शेतात काम नाही, लढाई नाही, मग त्या दिवसांना नाव द्यायची तसदी कोण घेणार? पुढे जानेवारी आणि फेब्रुवारी जोडले गेले. ही जोडणी परंपरेने नूमा राजाच्या नावावर मांडतात. इसवी सनापूर्वी १५३ पासून रोमचे कॉन्सल १ जानेवारीला कारभार हाती घेऊ लागले आणि दहावा महिना बारावा झाला. नाव बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे तात्या नावाचा पाच वर्षांचा मुलगा असतो, तसंच हे.

म्हणजे मधला एक काळ असा होता, की रोमन माणसाच्या वर्षाचा शेवटचा महिना फेब्रुवारी होता. ‘फेब्रुआ’ म्हणजे शुद्धीच्या वस्तू, झाडून-पुसून पवित्र करायचं साहित्य. वर्ष संपताना घर, गाव, माणूस धुऊन काढायचा. २३ फेब्रुवारीला टर्मिनालिया, शिवेच्या देवाचा सण. दोन्ही बाजूंचे शेतकरी बांधावरच्या दगडाला आपापल्या बाजूने हार घालायचे. वर्षाचा शेवट तिथेच धरलेला, म्हणून दिवसांचा मेळ बसवायला जादा महिना घुसवायचा तोही त्याच सुमाराला. लीप वर्षाचा वाढीव दिवस आजही फेब्रुवारीत येतो तो त्या जुन्या हिशेबामुळे. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग त्येंचाव शिमगाच की.”

मी हसलो, पण ती फारशी चुकली नव्हती. फक्त रोमनांनी शिमग्याचे दोन तुकडे केले होते. धुणंपुसणं आणि शीव फेब्रुवारीत, धिंगाणा डिसेंबरात. १७ डिसेंबरपासून त्यांचा सॅटर्नालिया चालायचा. त्या दिवसांत मालकांनी गुलामांना पंगतीला बसवायचं, जुगाराला मुभा, अंगावरचा भारदस्त टोगा उतरवून रंगीत साधे कपडे, आणि कोणी कोणाला काय बोललं ते मनावर घ्यायचं नाही.

हे रोमन इतके लांबचे वाटतात, पण त्यांच्या व्यापाराचं दार आमच्याच किनाऱ्यावर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या प्रवासवर्णनात बंदरांची यादी आहे. त्यात सुप्पारा, कल्लिएना, सेमुल्ला ही नावं येतात. म्हणजे सोपारा, कल्याण, चौल. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर जहाजं यायची आणि वारा फिरला की परतायची. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने परतीचा मुहूर्तही नोंदवला आहे. भारतातून निघायचं ते डिसेंबरच्या सुरुवातीला, फार तर जानेवारीच्या मध्याआधी. आमच्या खाडीत आजही नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे गार वारा सुटतो. तो अंगावर आला की मला ती जहाजं आठवतात, शिडं भरून घराकडे निघालेली. त्यांच्यासाठी डिसेंबर हा निघण्याचा महिना होता.

माझा धाकटा भाऊ त्याच सुप्पाऱ्यात राहतो. नालासोपारा पूर्व, तिसरा मजला, पाणी दिवसाआड. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली त्याच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर सापडला होता, पण त्याला रोज सकाळी विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधायची असते, त्यामुळे अशोक राहूनच गेला. एका वर्षी ३१ डिसेंबरला मी त्याच्याकडे होतो. संध्याकाळी रस्त्यावर पोरं जुन्या शर्ट-पँटीत पेंढा भरून केलेला म्हातारा खुर्चीत बसवून पैसे मागत होती. सरत्या वर्षाचा म्हातारा, रात्री बाराला जाळायचा. भावाने खिशातून दहाची नोट काढली आणि म्हणाला, “बघ, इथे पण पोस्त.” आमच्याकडे शिमग्यात पोरं दारोदार पोस्त मागतात, “आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना.” म्हातारा पेटला तेव्हा भाऊ सवयीने तोंडावर हात नेऊन बोंब ठोकणार होता. वहिनीने हात धरला.

त्याच दिवशी दुपारी आम्ही वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. दोन-तीन जोडपी लग्नाआधीचे फोटो काढत होती, एक नवरी पडक्या चर्चच्या पायरीवर झगा पसरून बसलेली. मी भावाला म्हटलं, आज तारीख कोणती आहे माहिताय? ३१ डिसेंबर १८०२. हडपसरच्या लढाईत होळकरांकडून मार खाल्लेला दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला, महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने तहावर सही केली. सहा हजार कवायती पायदळ इंग्रजांचं, खर्चाला २६ लाखांचा मुलूख पेशव्यांचा. ज्या वसईसाठी चिमाजी आप्पांनी १७३९ साली माणसं खर्ची घातली, तिथेच त्रेसष्ट वर्षांनी हे. आणि तहावर पलीकडून सही करणारी ती कंपनीसुद्धा ३१ डिसेंबरचीच. लंडनमध्ये राणीने तिला सनद दिली ती १६०० सालच्या ३१ डिसेंबरला. एकाच तारखेला कंपनी जन्मली आणि दोन शतकांनी मराठी राज्य तिच्या ओटीत पडलं. योगायोग आहे, त्यात काही शोधू नये. पण तेव्हापासून थर्टीफर्स्टला कोणी ‘हॅपी न्यू इयर’ म्हटलं की मला आधी बाजीराव दिसतो. भाऊ म्हणाला, “चल, लोकलला गर्दी होईल.”

नाताळ मला सासुरवाडीमुळे कळला. बायको रेवदंड्याची. खाडीपलीकडे कोर्लई. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांचा, याच किनाऱ्यावर जहाजातून उतरलेला आणि मराठीने ठेवून घेतलेला. ते १७४०मध्ये चौल सोडून गेले, पण कोर्लईच्या किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा अजून घरात बोलली जाते. मराठीच्या वळणाने वाकलेली पोर्तुगीज. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, आमची भाषा. माणसं हजाराच्या आसपास. पहिल्यांदा गेलो तेव्हा दारांवर चांदण्यांचे कंदील होते आणि ओसरीवर एक आजी नातवाला त्या भाषेत दटावत होती. शब्द एकही कळला नाही, दटावणी पूर्ण कळली. रात्री मेव्हण्यांनी वाडीत पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मडकं पालथं आणि भोवती जाळ. रायगडातल्या डिसेंबरचा खरा वास तो. आमच्या बाजूला पोपटीची पद्धत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आईचा डिसेंबर नावाने डिसेंबर नसतो. तो मार्गेसर असतो. चार-पाच गुरुवार, कलशावर नारळ, पाच पानं, लक्ष्मीची पोथी. बायको व्रत करते आणि आई करवून घेते. घरात मासे बंद. आमच्या तीन खोल्यांत पर्यटक उतरतात आणि या बंदीचा फटका धंद्याला बसतो. २०२४ साली मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार नेमका २६ डिसेंबरला आला. नाताळच्या सुट्टीला पुण्याहून आलेली मंडळी सुरमईच्या ताटाची वाट बघत ओटीवर बसलेली आणि आत उद्यापन, हळदीकुंकू, साबुदाण्याचा वास. मी वालाचं बिरडं, सोलकढी, ओल्या नारळाच्या करंज्या वाढल्या. त्यातल्या एकाने नंतर लिहिलं, कोकणात जाऊन मासे मिळाले नाहीत. पाचातल्या दोन चांदण्या. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “गुरवार व्हता म्हणून सांगायचा नाय त्येला?” सांगितलं होतं.

तिच्या मार्गेसराची एक आठवण मात्र वेगळी आहे. १९६७, ११ डिसेंबर. कोयनेचा भूकंप. ती आठ वर्षांची होती. पहाटेचा अंधार, घोंगडीत सगळी भावंडं एका ओळीत, आणि फळीवरची तांब्याची भांडी आपोआप वाजायला लागली. तिचे वडील सगळ्यांना उचलून खळ्यात घेऊन आले. पुढे उजाडेपर्यंत सगळी वाडी खळ्यात शेकोट्या करून बसली आणि कोणीतरी उकड्या तांदळाची पेज सगळ्यांसाठी मिळून टाकली. भूकंपाचं सांगताना ती पेजेपाशी येऊन थांबते.

बागायतदाराला डिसेंबरात संपल्यासारखं काही वाटत नाही. कलमाच्या शेंड्याला डोळा फुटतो तो मोहोराचा की पालवीचा, हे तेव्हाच ठरतं. थंडी चांगली पडली तर मोहोर. ढग आले, उबारा झाला की झाडं पालवीवर जातात किंवा तुडतुडा बसतो आणि पानं चिकट होतात. मोहोरापासून आंबा तयार व्हायला साडेतीन-चार महिने. पहिली पेटी पाडव्याच्या सुमाराला निघावी असं प्रत्येकाला वाटतं, आणि त्या पेटीचं भवितव्य नाताळच्या आठवड्यातल्या पहाटेच्या थंडीवर असतं. लोक फटाके बघायला आभाळाकडे बघतात, मी ढग बघायला.

मग शिमगा. हा शब्द ‘सुग्रीष्मक’वरून आला असं मानतात, गोव्यात तोच शिगमो. त्याचं वय कोण सांगणार? सातवाहन राजा हालाच्या नावावरच्या गाथासप्तशतीत फाल्गुनाच्या सणाला अंगावर चिखल माखल्याची गाथा आहे. म्हणजे मराठीची आजी महाराष्ट्री प्राकृत बोलत होती तेव्हाही पोरं चिखल फेकत होती. सरकारनेही १९५७ साली राष्ट्रीय पंचांग लागू केलं तेव्हा शेवटचा महिना फाल्गुनच ठेवला. आईच्या मते हे सरकारचं एक काम बरं झालं.

आमच्याकडे फाल्गुन शुद्ध पंचमीला, फाग पंचमीला, शिमगा लागतो. रोज संध्याकाळी पोरांची छोटी होळी, रोज फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या. खाडीपलीकडच्या गावाचा शिमगा तेरसेचा, आमचा पौर्णिमेचा, त्यामुळे दोन्हीकडची माणसं दोन्हीकडे जेवतात. मानकऱ्यांसमोर पेटी उघडते, देवीची चांदीची रूपं बाहेर येतात, पालखीला लागतात. बारा महिने देवळात न बोलता बसलेली देवी त्या दिवशी एकदम गावातलं माणूस होते. होम पेटतो आणि पालखी नाचायला लागते. खांद्यावर घेऊन नाचवणं म्हणतात, पण ज्यांनी खांदा दिलाय ते सांगतील, पालखी नाचवते. भाऊ सांगतो. नालासोपाऱ्याहून आदल्या रात्रीच्या गाडीने उभ्याने आलेला, वर्षभर मॉनिटरपुढे बसून पोट सुटलेला, आणि ढोलाचा ठेका बदलला की तो कोणीतरी दुसराच होतो. दुसऱ्या दिवशी खांदा सुजतो. त्यावर आई हळद-तेल चोळते आणि वर्षभराचं सगळं बोलून घेते. फोन का करत नाहीस, त्या जमिनीच्या सातबाऱ्याचं काय झालं, पोरीला मराठी शाळेत का घातली नाहीस.

मग खेळे निघतात. मृदंग, झांजा, नमन. संकासुर काळ्या झग्यात, लांब टोपी, कमरेला घुंगरं, हातात चाबकासारखा कापडाचा पिळा, लहान पोरांच्या मागे धावतो. गोमू म्हणजे साडी नेसलेला पुरुष. आमच्या वाडीत बरीच वर्षं गोमू होणारा माणूस एरवी अत्यंत गंभीर, पतपेढीच्या व्याजाचा हिशेब तोंडपाठ असलेला. त्या पंधरा दिवसांत तो सरपंचाच्या मिशीची थट्टा करतो आणि सरपंचाला हसावं लागतं. सॅटर्नालियात गुलाम मालकाला बोलून घ्यायचे, ते हेच असणार. मात्र इथे मुभा सगळ्यांना सारखी होती असं मी म्हणणार नाही. पालखीला पहिला खांदा कोणाचा, मान कोणाचा, कोणाच्या दारात आधी, यावरून कोकणात पिढ्यान्पिढ्या भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, काही गावांत पालख्याच बंद पडल्या. देवी सगळ्यांची म्हणायचं आणि रांग लावायची, हेही याच महिन्यात दिसतं.

पालखी घरोघर फिरते. अंगण शेणाने सारवलेलं, रांगोळी, बायको ओटी भरते, खण-नारळ. मग गाऱ्हाणं. गावकर एका दमात म्हणत जातो, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा, ह्या लेकराची चाकरी, ह्याची बाग, ह्याची गुरंढोरं, जो काय चुकला-माकला असेल तो पदरात घे, आणि सगळे एकसुरात, “व्हय म्हाराजा!” वर्षभरात घरात काय बिनसलं ते त्या पाच मिनिटांत सगळ्या वाडीसमोर निघतं. वडील गेले त्या वर्षी गावकराने त्यांचं नाव घेतलं आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला माझा आवाजच निघाला नाही. शेजारच्या काकांनी माझ्याऐवजी दोनदा म्हटलं. शेवटी पालखी शिवेपर्यंत जाते. पलीकडच्या गावाची आली असेल तर तिथे भेट होते, आणि दोन देवी बहिणी-बहिणी असल्याने भेटीला वेळ लागतो.

२०२५चा थर्टीफर्स्ट. आमच्याकडे तिन्ही खोल्या भरलेल्या, पुळणीवर स्पीकर. रात्री साडेदहाला गावातल्या कासवमित्राचा फोन आला. मादी वर चढतेय, दिवे घालवा. मी धावत गेलो. एक पाहुणा वैतागला, “थर्टीफर्स्टला अंधारात बसायचं?” पण त्याच्या मुलीने स्पीकर बंद केला. सुरूच्या झाडांआड आम्ही सगळे गप्प उभे. चांदणं होतं. मादी दिसली नाही नीट, फक्त वाळू उडण्याचा आवाज, थांबून थांबून. ती गेल्यावर उजेड केला तर पाण्यापर्यंत लहान ट्रॅक्टर गेल्यासारखी चाकोरी. अंडी शंभरावर निघाली. त्याने ती हॅचरीत हलवली, तसाच खड्डा करून पुरली, वर काठी, काठीला पाटी : ३१ डिसेंबर. तेवढ्यात बारा वाजून गेले होते आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सकाळी आईला सांगितलं. तिने जुन्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. “काल-परवाच पुत्रदा एकादशी झाली. बाय वेळेवर आली.”

कासवाच्या अंड्यांना पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, थंडीवर थोडं मागेपुढे. जानेवारी गेला. मोहोर एकदा जळला, दुसऱ्यांदा बरा आला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आकेशियाच्या फांद्या ओढत वाडीतली पोरं अंगणातून जाऊ लागली तेव्हा लक्षात आलं, शिमगा तोंडावर आलाय. २२ फेब्रुवारी, फाग पंचमी, त्रेपन्नावा दिवस. संध्याकाळी पोरांनी पहिल्या होळीला काडी लावायची तयारी केली होती, तेवढ्यात खालून हाक आली. टोपलीखालची वाळू बसली होती आणि मधोमध एक काळं डोकं. पोरांनी होळी तशीच टाकली आणि सगळी पुळणीकडे पळाली. आईही निघाली, पदर खोचून, मागून हळूहळू.

पिल्लं ओल्या वाळूवर सोडली. पन्नास-साठ तरी असतील, बोटाएवढी. लाट आली की मागे ढकलली जायची, पुन्हा चालायला लागायची. कोणीच बोलत नव्हतं. शेवटचं पाण्यात गेलं आणि एका पोराला राहवलं नाही, त्याने तोंडावर हात नेला आणि फाक दिली. मग सगळ्यांनीच. आईसुद्धा हसत होती.

घरी आल्यावर तिने खिळ्यापाशी जाऊन जुन्या कॅलेंडरवरच्या ३१च्या चौकटीत पेन्सिलीने फुली मारली. मी उतरवायला हात पुढे केला.

“अजून पौर्णिमा हाय,” ती म्हणाली. “आणि त्या नारळांचे पैसे यायचे हायत.”